रथशाळेतल्या चिंध्या

विहारातल्या स्वयंपाकघराचे छप्पर जळाले. राख अजून ऊन होती, तोच भिक्खू वप्पिल बोट रोखून म्हणाला, "चूल सोनकाने पेटवली होती. आग त्याचीच." भिक्खू सोनक मान खाली घालून उभा राहिला. भिक्खूंचे गुरू शास्ते तेथे आले. वप्पिलाच्या रोखलेल्या हाताकडे त्यांनी पाहिले आणि ते म्हणाले, "या हाताची एक जुनी गोष्ट आहे. बसा."

फार पूर्वी उत्पलनगरात रेणुक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व रथ घडवणाऱ्या सुतारांच्या कुळात जन्मला होता. वर्षभर खपून त्याने राजासाठी एक सागवानी रथ घडवला. शेवटच्या संध्याकाळी रथाला जवसाचे तेल चोळून झाले, तेव्हा बोधिसत्त्वाला तेलाच्या चिंध्यांचा पसारा खटकला. तो नीटनेटक्या स्वभावाचा होता. "बोळा करून टोपलीत भरा आणि टोपली कोपऱ्यात ठेवा," असे कारागिरांना सांगून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सूर्य हातभर वर आला आणि रथशाळा भडकली. माणसे वाचली, रथ गेला.

रथशाळेत दिवाबत्ती करण्याचे काम मेखला नावाच्या बाईकडे होते. ती नदीपलीकडच्या गावाहून आली होती. अमात्य पिंगलकाने तिला राजापुढे उभे केले.

"सकाळी दिव्याचं काय केलंस?" राजाने विचारले.

"मी दिवा वाढवला आणि मग बाहेर पडले, महाराज."

"ऐकलंत?" पिंगलक राजाला म्हणाला. "दिवा मोठा केला आणि निघून गेली! स्वतःच्या तोंडानं कबूल करते आहे."

आपण काय वावगे बोललो, हे मेखलेला कळेना. राजाला रथाचे दुःख अनावर झाले होते. त्याने आज्ञा दिली, की ज्या हाताने दिवा वाढवला, तो उजवा हात उद्या सूर्यास्ताला तोडावा.

बोधिसत्त्व तिला भेटायला गेला. "बाई, दिवा मोठा कशाला केलास?"

"मोठा नाही हो दादा, वाढवला! बांगडी वाढवतात, तसा. 'विझला' असं अभद्र कसं बोलायचं? आमच्याकडं कुणी बोलत नाही."

बोधिसत्त्वाला हसू आले आणि लगेच विरलेही. एका चांगल्या शब्दापायी हिचा हात जाणार होता. पण नुसत्या शब्दाच्या खुलाशाने राजा ऐकणार नाही, हे तो ओळखून होता. दिवा विझला होता, तर मग आग लागली कशी? या प्रश्नाने त्याला घेरले आणि तो जळक्या रथशाळेत शिरला.

सगळे काळेच होते. पण जन्मभर लाकडाशी बोललेल्या माणसाला काळ्यातही फरक दिसतो. कमी जळलेल्या बाजूने सुरुवात करून तो जास्त जळलेल्या बाजूकडे सरकत गेला. पूर्वेच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा होता. त्याखालची खुंटी वरूनच करपली होती, खालचे अंग पिवळेधमक होते. म्हणजे येथे आग वरून, उशिरा आली. पुढचे खांब एकाच अंगाने खोल जळलेले होते, आणि ते अंग प्रत्येक वेळी पश्चिमेकडे होते. पश्चिमेच्या कोपऱ्यातला खांब मात्र बुडापासून झिजून काठीएवढा उरला होता. भिंतीवरचा डाग खाली निमुळता होत जमिनीपाशी एका जागी येऊन थांबला होता.

त्या जागी राखेत चिंध्यांचा एक बोळा मिळाला. त्याने तो उकलला. बाहेरचे पदर नुसते करपलेले, आणि आत गाभ्यात पांढरी राख. आग बोळ्याच्या पोटातून निघाली होती.

टोपली त्यानेच कोपऱ्यात ठेववली होती. आसपास कोणी नव्हते. पायाने बोळा चुरडला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याला भीती वाटली, खरे सांगायचे तर फार वाटली. मग त्याने बोळा उपरण्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने राजवाड्याच्या अंगणात जवसाच्या तेलात भिजवलेल्या चिंध्या आणल्या. काही दोरीवर मोकळ्या वाळत टाकल्या, काही दाबून टोपलीत भरल्या आणि राखेत सापडलेला बोळा राजापुढे ठेवला. राजा, अमात्य आणि गाव बघत बसले. मेखलाही पहाऱ्यात बसली होती. दुपार झाली तरी काही घडेना.

"रथकारा, चिंध्या काय अंडी घालणार आहेत?" पिंगलक म्हणाला, आणि लोक खो खो हसले.

बोधिसत्त्व मधून मधून टोपलीत हात घालून बघत होता. आधी ऊब लागली, मग चटका बसला. सूर्य कलला तेव्हा त्याने हात झटकन मागे घेतला. टोपलीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि बघता बघता जाळ झाला. कोणी ठिणगी टाकली नव्हती. दोरीवरच्या चिंध्या वाऱ्यावर गार हलत होत्या; वाळताना तापणाऱ्या तेलाची ऊब तिथे कोंडली नव्हती.

राजाने विचारले, "रथशाळेत अशी टोपली कोणी ठेववली?"

"मी, महाराज." बोधिसत्त्वाने पोळलेला हात पुढे केला. "तोडायचाच असेल तर हा तोडा. त्या बाईने दिवा विझवलाच होता. तिच्या गावी त्याला वाढवणे म्हणतात."

राजाने त्या हाताकडे पाहिले. तो म्हणाला, "हा तोडला तर उद्या मला खरं कोण दाखवील?" त्याने मेखलेला सोडले, तिची क्षमा मागितली, आणि तेलाच्या चिंध्या दोरीवरच वाळवाव्यात अशी दवंडी पिटवली.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा रेणुक राजा म्हणजे हा सोनक. पिंगलक आज याच विहाराचा द्वारपाल आहे, आणि आता तो विचारल्याशिवाय बोलत नाही. रथकार मी होतो. आणि वप्पिला, मेखला तू होतास."

वप्पिलाचे बोट अजून अर्धवट उचललेले होते. त्याने हात खाली घेतला, मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरले, आणि त्याचे डोळे भरून आले. मग तो सोनकाजवळ जाऊन म्हणाला, "चला भंते, राख बघू. कमी जळलेल्या बाजूने सुरुवात करू."

शोधता शोधता आपल्याच दाराशी आलेले खरे जो झाकत नाही, त्याची ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.