गेस्ट म्हणजे पाहुणा

“दोष तर मीच शोधून काढला, अप्पा. मग माझं चुकलं कुठं?”

अप्पांनी मान वर केली नाही. पुढ्यात एक जुना ट्रान्झिस्टर उघडा पडला होता आणि त्याच्या पोटातली जळमटं ते ब्रशनं काढत होते.

“कसला दोष?”

रणधीर काउंटरच्या बाहेर उभा होता. पुण्याहून पहाटेच्या गाडीनं निघून तो दुपारी गडहिंग्लजला उतरला होता आणि तोंडसुद्धा न धुता थेट अप्पांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आला होता. या दुकानात त्यानं सहा वर्षं काढलेली. सोल्डरिंगचं आयर्न हातात कसं धरायचं इथपासून सगळं त्याला अप्पांनी शिकवलं. मग एक दिवस ‘रेडिओचे दिवस सरले’ असं त्यांच्याच तोंडावर सांगून तो पुण्याला निघून गेला.

पुण्यात त्याचं नाव झालं. फोन, टीव्ही, स्पीकर आणि वायफाय यांची गाठ घालून द्यायची, ती सुटली की पुन्हा बांधायची, हा त्याचा धंदा. तिघांनी हात टेकले की चौथा म्हणून त्याला बोलावतात, असं लोक म्हणत. लोक म्हणाले नाहीत तर तो स्वतःच म्हणे. आपली पाठ आपणच थोपटायची त्याला सवय होती.

आज मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

“फोनवरचं टीव्हीवर लागत नव्हतं,” तो म्हणाला. “चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. नवरा-बायकोचे फोन झटक्यात लागायचे. फक्त म्हाताऱ्याचा लागत नव्हता.”

“कोण म्हातारा?”

“आबा. मुलाचे वडील. आजऱ्याकडचे. बायको गेल्यावर मुलाकडं राहायला आले, दोन वर्षं झाली.”

“काय लावायचं हुतं त्येला?”

“बायकोचा व्हिडिओ. चार मिनिटांचा. शेजारच्या पोरीनं काढलेला. हौसाबाई उंबऱ्यात बसून पावटा सोलतायत आणि आबा जत्रेत कसे हरवले होते त्याची नक्कल करून दाखवतायत. आबांना कानानं कमी ऐकू येतं. फोनचा आवाज पुरत नाही. टीव्हीच्या मोठ्या स्पीकरवर लागला तर शब्द कळतील, एवढंच म्हणणं होतं त्यांचं.”

अप्पांचा ब्रश थांबला.

“मग पोराच्या फोनात घालून लावायचा.”

“मुलगा तेच म्हणत होता. पण आबा ऐकेनात. ‘ती माझ्या फोनात हाय, माझ्याच फोनातनं लागू दे,’ हाच हट्ट. हौसाबाईंनी तो फ्लॅट कधी पाहिलाच नव्हता. वास्तुशांतीच्या आधी महिनाभर त्या गेल्या. काम करताना आबा सारखं हेच सांगत होते. मी आपला हं हं करत होतो.”

“हं...” अप्पा म्हणाले.

रणधीरला आता कंठ फुटला. कामाचं बोलायला लागला की तो स्वतःचं दुःखसुद्धा विसरत असे.

आधीच्या तिघांनी काय काय केलं ते त्यानं सांगितलं. एकानं टीव्ही बंद करून चालू केला, दुसऱ्यानं त्यातलं सॉफ्टवेअर बदललं. तिसऱ्यानं फोनच जुना झाला म्हणून हात झटकले, तेव्हा सुनेनं, मृणालनं, सासऱ्यांना नवा फोन आणून दिला आणि जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात घातलं. तरीही टीव्ही काही त्या फोनला दिसेना.

“मी पाच मिनिटं फोन हातात धरला आणि हसलो,” रणधीर म्हणाला. “घरात वायफाय दोन होते, अप्पा. एक घरच्यांचा, एक गेस्टचा. आबा पहिल्यांदा आठ दिवसांसाठी म्हणून आले, तेव्हा मुलानं त्यांना गेस्टवर जोडून दिलं. आठ दिवसांची दोन वर्षं झाली. बदलायचं राहून गेलं. नव्या फोनातही तेच आलं.”

“तू काय केलंस?”

“सांगितलं.”

“कसं?”

रणधीर घुटमळला.

“तुम्हीच शिकवलंय ना, गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगावं. आबांनी विचारलं, ‘गेस्ट म्हंजे?’ मी म्हणालो, गेस्ट म्हणजे पाहुणा. तुम्हाला पाहुण्यांच्या वायफायवर ठेवलंय. जे घरचे असतात, त्यांना घरातल्या सगळ्या वस्तू दिसतात. टीव्ही दिसतो, स्पीकर दिसतो. पाहुण्याला फक्त इंटरनेट मिळतं. घरातलं काही त्याला दिसत नाही, आणि घरातल्या वस्तूंनाही तो दिसत नाही. सुरक्षेसाठी असतं ते...”

“समद्यांसमोर?”

“मुलगा होता, सून होती. सगळ्यांना कळावं म्हणून जरा मोठ्यानंच सांगितलं.”

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, तेव्हा फळीवरचे बंद रेडिओ थोडे थरथरले.

“मग?”

“मुलाचा चेहरा पडला. ‘अरे, राहूनच गेलं,’ म्हणाला. लगेच घरच्या वायफायचा पासवर्ड सांगायला लागला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी हात पुढं केला, तर आबांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. म्हणाले, ‘असू द्या. हाय ते बराबर हाय.’ ”

“आन् मग?”

“चौथ्या दिवशी पिशवी भरून गावाला गेले. जाऊन येतो म्हणाले. तीन आठवडे झाले, आलेले नाहीत. पडक्या खोलीत एकटेच राहतात, हातानं भाकरी थापतात म्हणे. मुलगा रोज फोन करतो. फोन वाजतो, पण ते उचलत नाहीत. आता ऐकू येत नाही म्हणून उचलत नाहीत, की...”

त्यानं काउंटरवरचा एक सुटा स्क्रू उचलून परत ठेवला.

“परवा सुनेचा मला फोन आला,” तो हळू आवाजात म्हणाला. “रडत होती. म्हणाली, ‘दोन वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी केलं. रात्री खोकले तर उठून पाणी मी दिलं. आणि तुम्ही एका शब्दात त्यांना पाहुणं केलंत, आणि मी त्यांना पाहुण्यासारखं वागवणारी ठरले. आमच्या घरात आता कुणी कुणाशी बोलत नाही.’ ... अप्पा, मी काय खोटं सांगितलं का?”

यासाठीच तो एवढ्या लांब आला होता. माफी त्याला नको होती. ‘तुझं काही चुकलं नाही’ हे एक वाक्य अप्पांच्या तोंडून निघालं असतं, तर तो पुढच्या गाडीनं परत जायला मोकळा होता.

अप्पांनी ट्रान्झिस्टरमध्ये फुंकर मारली.

“तुमच्याकडं आलं असतं हे काम, तर तुम्ही काय सांगितलं असतं?” रणधीरनं विचारलं.

“धूळ बसली हुती, म्हनलं असतं.”

रणधीरला हसू आवरलं नाही, आणि रागही आला. सहा वर्षं तो हेच ऐकत आला होता. रेडिओ कुणी रागानं आपटून फोडलेला असो, लेकरानं त्यात पाणी ओतलेलं असो, की नवऱ्यानं बायकोला ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम तार तोडलेली असो, अप्पा गिऱ्हाइकाला एकच कारण सांगत. धूळ होती, झाडली. म्हाताऱ्याला धुळीपलीकडचं काही कळत नाही, असं रणधीर तेव्हा मित्रांत म्हणायचा.

“वायफायला धूळ बसते होय, अप्पा?”

“बसली हुती की. दोन वर्साची.”

“म्हणजे खोटं सांगायचं?”

अप्पांनी ब्रश पुन्हा उचलला.

“खोटं बोलून गिऱ्हाइकाला खूश करायला मी शिकलो नाही,” रणधीर चिडून म्हणाला. “यंत्रात जे असेल ते सांगणं हे माझं काम. जे होतं ते मी सांगितलं. खरं सांगून कुणाचं घर मोडत असेल, तर ते आधीच मोडलेलं असतं.”

वाक्य चांगलं जमलं, असं त्याचं त्यालाच वाटलं. बसमध्ये बसून त्यानं ते तीन-चार वेळा घोळवलंही होतं.

अप्पांनी ब्रश खाली ठेवला.

रणधीर दमला होता. पाय भरून आले होते. बोलता बोलता त्यानं सवयीनं काउंटरची फळी उचलली आणि तो आत शिरू लागला. आत अप्पांच्या शेजारी एक बुटकं स्टूल होतं. सहा वर्षं तो त्याच्यावर बसलेला.

अप्पांनी फळीवर हात ठेवला.

“आत नको. पाव्हन्यांनी भाईरच्या बाकड्यावर बसावं.”

रणधीरला वाटलं, थट्टा चाललीय. त्यानं अप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती. अप्पा नेहमीच्याच शांत नजरेनं त्याच्याकडं बघत होते.

“अप्पा... मी पाहुणा?”

“चार वर्सं झाली तुला जाऊन.”

“सहा वर्षं तुमच्या ताटात जेवलोय मी!”

“जेवलास की. कोन न्हाई म्हनतंय?”

अप्पांनी फळी हलकेच खाली केली. मग समोरच्या टपरीकडं बघत हाक दिली, “एक च्या पाठवा हो! पाव्हनं आल्यात पुन्याचं!”

इथं होता तोवर या दुकानातला चहा रणधीरच आणत असे. टपरीवाल्यानं कपबशी आणून त्याच्या हातात दिली आणि ‘साखर बरोबर आहे ना साहेब’ असं अदबीनं विचारलं. रणधीरनं मान हलवली. तो गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसला. तिथून दुकान वेगळंच दिसत होतं. आतलं स्टूल तर दिसतच नव्हतं.

अप्पा खोटं बोलले नव्हते. ज्याला नावं ठेवावीत असा एकही शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हता. तरी रणधीरला भर दुपारी, रस्त्यावरच्या लोकांदेखत, रडू आलं. त्यानं ते चहाबरोबर गिळलं.

बऱ्याच वेळानं त्यानं कपबशी खाली ठेवली.

“उद्या त्यांच्या गावाला जातो,” तो म्हणाला. आवाजातली ऐट गेली होती. “इथूनच एक चांगला स्पीकर घेऊन जातो. माझ्या हातानं जोडून देतो. हौसाबाईंचा आवाज तरी नीट ऐकू येईल त्यांना.”

“गावात?”

“हो. ते गावातच आहेत ना.”

“गावात ती हायच की रं,” अप्पा म्हणाले. “चुलीपाशी हाय. परड्यात हाय. उंबऱ्यात हाय... तितं कशाला फोन लागतोय तिला बगायला?”

रणधीर त्यांच्याकडं बघत राहिला.

“त्येला तिला वर न्यायची हुती. चौदाव्या मजल्यावर. पोराचं घर दावायला.”

रणधीरच्या डोळ्यांपुढं तो हॉल आला, भिंतीवरचा मोठा काळा टीव्ही आला, आणि फोन खिशात टाकणारा आबांचा हात आला.

“मग तसं म्हणायचं तरी त्यांनी,” तो कसंबसं बोलला. “अर्ध्या मिनिटात केलं असतं मी. मुलगा पासवर्ड द्यायला तयार होता. आबांनी नुसतं हो म्हणायचं होतं...”

अप्पांनी ट्रान्झिस्टरचं झाकण बसवलं. स्क्रू हातात घेतला, पण तो लावला नाही.

“पाव्हन्यानं संगं आनखी पाव्हनं न्यायाचं नसतंय, रणधीरा.”