तीन बंदुका

खडकमाळ संस्थानच्या महाराजांना शिकारीचा भारी नाद. त्यापायी माळढोक, तणमोर आणि सारस बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा महाराजांना पाझर फुटला. भर दरबारात ते म्हणाले, "यातला एक पक्षी आम्ही वाचवणार. त्याच्यावर गोळी झाडणार नाही. बोला, कोणता?"

दिवाणांना भारदस्त माळढोक हवा होता, राणीसाहेबांना तणमोराचा तुरा आवडे. राजज्योतिषी सारसावर अडून बसले. शेवटी माळावर फासे लावणाऱ्या म्हाताऱ्या सुरतीबाई पारधिणीला बोलावणं गेलं.

"तूच निवड," महाराज म्हणाले.

"फाशात गावंल त्यातली एक जोडी आम्ही आधी सोडतो, सरकार, मगच चूल पेटवतो. पाखराची जात निवडायची रीत आमच्यात नाय. तुमच्या बंदुका किती?"

"तीन. तिन्ही जिवापाड जपलेल्या."

"मग त्यातली एक ठेवा, दोन विहिरीत टाका. तुमचं निवडून झालं की मी पाखरू निवडते."

महाराज वरमले, पण शब्दाला जागायचं म्हणून निवडायला बसले. एक बंदूक वडिलांची, दुसरीचा नेम कधी चुकला नव्हता, तिसरीवर चांदीची वेलबुट्टी. दोन पावसाळे असेच गेले, आणि शिकार चालूच राहिली.

अखेर महाराजांनी सुरतीबाईला माळावर बोलावलं. "झाली आमची निवड. आता तू पाखरू सांग."

सुरतीबाईनं रिकाम्या माळावर नजर फिरवली.

"ठेवा की तिन्ही, सरकार. आता त्यांना भ्यायला इथं कोण उरलंय?"