हिवरवाडीच्या घंटा

हिवरवाडी गावात शिक्षेची एक घंटा होती. चोरी करणाऱ्याने ती वर्षभर गळ्यात घालायची, म्हणजे तो आला की लोक सावध होत. त्याने कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि स्वतःच्या घरीसुद्धा उंबऱ्याबाहेर बसून जेवायचं. चोर क्वचितच निघे, त्यामुळे घंटा बहुतेक वेळ चावडीच्या खुंटीवरच असायची.

मग रायाजी पाटलाच्या हाती कारभार आला. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचं भारी वेड. पाणवठ्यावर कोणी रांग मोडली, घाला घंटा. कोणाची शेळी देवळाच्या ओट्यावर चढली, मालकाला घंटा. कोणी चावडीत हसलं, पाटलाच्या आधी बोललं, घंटा. सत्तर वर्षांच्या भिवराकाकूला घंटा मिळाली, कारण पाटील बोलत असताना तिने जांभई दिली. घंटा घडवता घडवता तांबट थकला, तसं बोलला, आणि त्यालाही एक मिळाली. दोन वर्षांत निम्मं गाव किणकिणायला लागलं. आता घंटा ऐकून सावध कोण होणार?

गावची गुरं सटवा राखायचा. एका संध्याकाळी गुरं परतली, त्यांत पाटलाची मोरी गाय नव्हती. दोन दिवस शोधूनही ती सापडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलाने सटवाला चावडीत उभं केलं.

"गाय विकलीस तू," पाटील म्हणाला. "याला घंटा पुरायची नाही. दिवस मावळायच्या आत बायकापोरांना घेऊन गाव सोड."

सटवाने हात जोडले. या गावाबाहेर त्याचं कोणी नव्हतं.

"पाटील, म्या लई शोधली," तो म्हणाला. "गवत डोईएवढं वाढलंय, दिसत काय न्हाई. मोरीच्या गळ्यातल्या घंटेवरनं कानानंच शोधायचं. वढ्याकडनं घंटा आली म्हणून धावलो, तर भिवराकाकू गवऱ्या येचत हुती. टेकाडामागं वाजली, तितं तांबट निघाला. बाभळीखाली तर आवाजावर दावंच टाकलं, तर गळ्यात दावं घेऊन पुजारीबुवा उठलं."

पाटलाला हसू फुटलं. पोट धरून हसला तो. मग एकाएकी गप्प झाला, कारण चावडीत दुसरं कोणीच हसलं नव्हतं. तशी कोणाची छातीच नव्हती.

दाराबाहेरून भिवराकाकू म्हणाली, "रायाजी, चावडीत हसल्याची शिक्षा तूच ठरवलीस न्हवं का?"

म्हातारीला गप्प बसवणं पाटलाला अवघड नव्हतं. तोंडाशी शब्द आलेही होते. पण समोर सटवा हात जोडून उभा होता. त्याला गाव सोडायला लावायचं आणि आपण साधा नियम पाळायचा नाही, याची पाटलाला लाज वाटली. खुंटीवरची घंटा काढून त्याने स्वतःच्या गळ्यात अडकवली.

घरी जेवायला गेला, तर बायकोने नियमाप्रमाणे ताट उंबऱ्याबाहेर मांडलं. येणारेजाणारे बघून मान वळवत होते. पाटलाने हातातला घास परत ताटात ठेवला. एवढ्याशा हसण्यापायी हे? मग जांभईपायी, शेळीपायी किती जण असे बसले असतील, हे तेव्हा कुठे त्याच्या मनात आलं. तो भरल्या ताटावरून उठला.

चावडीत येऊन त्याने आपली घंटा उतरवली आणि म्हणाला, "सगळ्यांच्या काढा."

घंटांचा ढीग पडला. गाव इतकं शांत झालं, की लोकांना आपलेच श्वास ऐकू येऊ लागले. आणि त्या शांततेत ओढ्यापलीकडून बारीक किणकिण आली. थांबली. पुन्हा आली.

"मोरी," सटवा म्हणाला आणि धावत सुटला. त्याच्या मागे सगळं गाव धावलं.

ओढ्याच्या दरडीखाली मोरी पोटापर्यंत चिखलात रुतली होती. तीन दिवस ती मान हलवून घंटा वाजवत होती, पण इतक्या घंटांत तिची कोण ऐकणार? वीस जणांनी दोर लावून तिला वर काढलं. सटवा तिच्या गळ्याला मिठी मारून मोठ्याने रडला. पाटलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चूक माझी झाली, सटवा. तू कुठं जायचं नाहीस."

चोरासाठी एक घंटा परत खुंटीवर गेली. बाकीच्या तांबटाने वितळवल्या आणि घरोघरी एकेक पळी दिली. पण मोरी सापडली त्याच रात्री हिवरवाडीत सगळे आपापल्या घरात बसून जेवले.

तात्पर्य: उठसूट सगळ्यांनाच गुन्हेगार ठरवलं, की खरा गुन्हा कोणता आणि निरपराध कोण हे कळेनासं होतं, म्हणून शिक्षा थोड्याच असाव्यात, आणि त्या ठरवणाऱ्याने आधी स्वतः सोसून पाहाव्यात.