जुडग्यात नसलेली चावी

"पण मास्तर, यंत्रानं थांबायचं कुठे?"

कौस्तुभ अंगणात येरझारा घालत होता. बूड टेकेल तर शपथ! पोरगा हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. संकलनाची, म्हणजे इंटिग्रेशनची, गणितं आकड्यांत नव्हे, क्ष-य अशा अक्षरांत सोडवणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. उद्या तो परीक्षकांपुढे चालवून दाखवायचा, त्यावर पदवी. आणि नेमकं एक चिमुरडं गणित घेऊन यंत्र सकाळपासून नुसतं फिरत बसलं होतं.

"मग काय करणार आहेस?" गणोरकर मास्तरांनी विचारलं. जन्मभर गणित शिकवून आता ते वाईला घाटाजवळ राहत होते.

"काय करणार! युक्त्या करकरून दमलं, की सरळ 'उत्तर नाही' म्हणायला लावतो. दोन ओळींचं काम."

मास्तर उठले. कनवटीचं चाव्यांचं जुडगं त्याच्या हातात दिलं.

"माजघरातली पेटी उघड."

हे आणि कुठलं खूळ! इथे जीव टांगणीला लागलाय... पण मास्तरांना नाही कोण म्हणणार? कौस्तुभने एकेक चावी लावून पाहिली. एकही आत जाईना. बोटं सोलवटली, घाम फुटला.

त्याने जुडगं आणून ओट्यावर आपटलं. "नाही उघडत."

"तू दमलास, की तुला कळलं?"

"...म्हणजे?"

"कुलपात पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. तो चरफडत परत गेला, वाकला. भोकात मधोमध एक खिळा होता. त्याच्यावर बसायची तर चावी पोकळ हवी. आणि जुडग्यातल्या झाडून सगळ्या भरीव!

हात्तिच्या! एकही चावी न लावता कळलं असतं की.

तो धावतच बाहेर आला.

"मास्तर, युक्त्या लावत बसायचंच नाही! नेहमीच्या सूत्रांत उत्तर बसत असेल, तर ते कुठल्या आकाराचं असेल हे गणितच सांगतं. तो आकार मांडायचा, मग उलट विकलन, म्हणजे डिफरन्शिएशन, करून ताळा पाहायचा. जुळलं तर उत्तर. जुळणंच अशक्य ठरलं तर..." आनंदाने त्याचा आवाज चढला. "तर छातीठोक लिहायचं, उत्तर नाही!"

मास्तरांनी ओट्यावरचं जुडगं उचलून पुन्हा कनवटीला खोचलं.

"लिहू ना?"

"त्या पेटीत माझं लग्नातलं उपरणं आहे, बाळा. ते नाही, असं कसं लिहितोस? या जुडग्यात त्याची चावी नाही, एवढंच लिही."