हत्तीने पाळलेली चिचुंद्री

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. पोरकी पिल्लं सांभाळणाऱ्या साळिंदर मावशीकडून गजोबा हत्तीने हौसेने एक चिचुंद्री पाळायला नेली. म्हणाला, “एवढीशी तर आहे, हिला लागतंय काय!”

आठवडा सरायच्या आत स्वारी तारवटल्या डोळ्यांनी परत आली. “घे बाई तुझी चिचुंद्री! सारखं खायला मागते, रात्रभर चिकचिक करते!”

मावशीचे काटे ताठ झाले. “अरे गाढवा, लहानाचं पोट लहान, ते लवकर रिकामं होणारच!”

सोंडेवरून उतरत चिचुंद्री म्हणाली, “मावशी, चुकलं माझंच. एवढा मोठा आहे, समजूतदार असेल, असं वाटलं गं! हा फारच किरकिरा निघाला. याला ठेवून घे, मला दुसरं घर बघ.”

गजोबा कान पाडून पोरक्या पिल्लांच्या रांगेत उभा राहिला.