प्रेताच्या तोंडातलं नाणं

एका राज्यात एक राजा होता. त्याचं नाव विचारू नका, आणि मधे बोलू नका.

आधीच्या राजाला मारून तो गादीवर बसला. त्याचे शिलालेख फोडले, त्याचं नाव घेणाऱ्यांच्या जिभा छाटल्या. उरली नाणी. ती टांकसाळीत तापवून जुन्या चेहऱ्यावर आपला ठसा ठोकायला लावला.

तिकडे घाव पडू लागले, इकडे त्याच्या लेकीचं, राजकन्या सिरिमेचं, तोंड पुसट होऊ लागलं. आधी भुवया गेल्या. मग नाक सपाट झालं. ओठ मिटले ते कातडीखालीच गेले. पोर रडे, आवाज नाही. वैद्य बघून पळाले, दक्षिणा मात्र घेऊन.

राजवाड्याच्या छतावर टिटवी बसे. त्या राज्यात टिटव्या बोलत. राजानं उपाय विचारला.

टिटवी म्हणाली, "ठसा मोड. मारलंस त्याला अग्नी दे. त्याचं नाव मोठ्यानं घे."

राजानं ठसा मोडला. कोरड्या विहिरीत फेकलेलं प्रेत काढायला कुणी तयार होईना, म्हणून स्वतः उतरला. प्रेत कुजलं नव्हतं. चितेवर ठेवलं, नाव घ्यायला तोंड उघडलं, तर नाव आठवेना. प्रधानालाही आठवेना. आठवत होतं ते जीभ छाटलेल्यांना. नाणी आणवली, तर सगळ्यांवर ह्याचंच थोबाड.

"प्रेताच्या तोंडात बघ, शहाण्या," टिटवी म्हणाली. "त्याच्या दाईनं रीत सोडली नव्हती. जाणाऱ्याच्या तोंडात नाणं ठेवलंय."

राजानं बोट घातलं. दात मिटले.

मिटल्या दातांतून प्रेत म्हणालं, "माझं नाव घे. तुझं दे."

राजानं चितेपाशी आणलेल्या लेकीकडे पाहिलं. नितळ कातड्यात दोन डोळे उरले होते, तेही बारीक होत चालले होते.

"दिलं," राजा म्हणाला.

दात उघडले. नाण्यावर अक्षरं होती. राजानं ती मोठ्यानं वाचली: कुविर. चिता आपोआप पेटली. सिरिमेचं तोंड होतं तसं झालं. तिनं समोरच्या माणसाकडे पाहिलं.

"आपण कोण?" तिनं विचारलं.

त्यानं हातातलं नाणं उलटून बघितलं.

सिरिमा गादीवर बसली. नाण्यांवर कुविर परत उमटला. बाकी त्याचं काही उरलं नाही, तेवढी नाणी उरली. आणि टांकसाळीच्या दाराशी एक म्हातारा बसू लागला. कुणी नाव विचारलं, की तो नाणं उचले, उलटून बघे, आणि खाली ठेवी.