कासवाची हद्दपारी

फार पूर्वी ग्रीस देशातलं एक गाव ओस पडलं आणि तिथे फक्त दगड उरले. देवळाचा खांब त्यांचा पुढारी. तो रोज गावाच्या वैभवाच्या गोष्टी सांगायचा आणि त्याच्या सांध्यांतलं गवत खाणारं म्हातारं कासव मध्येच म्हणायचं, "खांबराव, काल देवळाला चाळीस खांब होते म्हणालात. आज साठ झाले."

खांब चिडला. त्या गावाची एक रीत होती. जो माणूस डोक्याला ताप वाटेल, त्याचं नाव लोक खापरीवर लिहायचे आणि ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. असं करता करता गावाने विहिरी राखणारा घालवला, वैद्य घालवला, शेवटी मास्तरही घालवला.

"आपणही मत घेऊ," खांब म्हणाला. दगडांना लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ओरडून कासवाचं नाव घेतलं.

"बरं, येतो मी," म्हणून कासव निघालं.

महिन्याभरात खांबाच्या सांध्यांत गवत माजलं आणि मुळांच्या रेट्याने तो कलला. शिवाय त्याच्या गोष्टींना आता सगळे नुसते "हो, हो" म्हणत. शेवटी तो घाबरून ओरडला, "कासवकाका, परत या हो!"

"आलो," जवळूनच आवाज आला. कासव अजून वेशीपाशीच होतं.

"तुम्हांला ऐकू गेलं?"

"गेलं तर! गावाने ज्यांना घालवलं, त्यांनाही मागाहून अशाच हाका मारल्या होत्या," कासव सावकाश वळत म्हणालं. "पण ती माणसं. भरभर चालायची."